हक म्हणजे नक्की काय? फेकायचं का उडी मारायची, आणि दोन्ही कसं करायचं

अल्टिमेट फ्रिस्बीची (डिस्क एकमेकांकडे फेकत समोरच्या टोकाला न्यायचा टीमचा खेळ) मॅच बघताना कॉमेंटेटर ओरडतो "व्हॉट अ हक!" आणि डिस्क अर्ध्याहून जास्त मैदान ओलांडून थेट एंडझोनमधे, म्हणजे टोकाच्या गोलच्या पट्ट्यात जाते. मग माउंटन बायकिंगचा व्हिडिओ लावता, तिथे पण हक, पण इथे कोणी काही फेकलेलंच नाहीये, माणूसच सायकलसकट कड्यावरून खाली आलाय. स्कीवाले पण हाच शब्द वापरतात, कयाकवाले धबधब्यावरून खाली येतात त्याला पण हक, आणि बोल्डरिंग (दोराशिवाय छोट्या भिंती चढणं) करणारा लांबच्या होल्डवर, म्हणजे पकडायच्या खाचेवर, झेप घेतो तेव्हा खालून मित्र ओरडतात ते पण कधीकधी हेच. नवीन माणूस गोंधळणारच. (आपल्या हक्काशी याचा काही संबंध नाही, एकच क, तोंडातून पटकन बाहेर टाकायचा.)

मुळात अर्थ एकच आहे हो, जोर लावून सोडून देणे. कधी डिस्क सोडायची, कधी स्वतःला सोडायचं. आणि एकदा सोडलं की नंतर काही करता येत नाही, डिस्क हवेत असताना तिला वळवता येत नाही आणि तुम्ही हवेत असताना ब्रेक नसतो. म्हणून हक शिकायचा म्हणजे सोडायच्या आधीचं सगळं शिकायचं, सुटल्यावर काय होतं ते फक्त आधी काय केलं त्याचा रिझल्ट असतो. खाली मी अल्टिमेटवर जास्त लिहिलंय कारण तिथे हक हे खरंच रोजचं कौशल्य आहे, सायकलवर त्याहून कमी, आणि बर्फ-पाण्यावर अगदी थोडं, का ते तिथे आल्यावर कळेल.

आधी अर्थ ओळखायची ट्रिक

शाळेत व्याकरणाच्या तासाला कर्ता कर्म शोधायला लावायचे ना, ते इथे कामाला येतं. कर्म डिस्क किंवा बॉल असेल तर लांब आणि जोरात फेकली. कर्म एखादी जागा असेल, म्हणजे क्लिफ, ड्रॉप, वॉटरफॉल, तर तिथून माणसाने स्वतः उडी मारली. कर्म एखादी ट्रिक असेल, समजा बॅकफ्लिप, तर ट्रिक मारली, पण त्यात एक छटा आहे की नीट जमेल का नाही याचा फार विचार न करता मारली. आणि कर्म काय ते सांगितलंच नसेल, नुसतं "जस्ट हक इट" असेल, तर देवाचं नाव घे आणि सोड असा अर्थ धरा.

सूर पण खेळाप्रमाणे बदलतो आणि हे कोणी सांगत नाही. अल्टिमेटमधे "नाइस हक" हे सरळ कौतुक आहे. स्नोबोर्डवाल्यांच्या जुन्या बोलीत मात्र हकर म्हणजे जो हवेत वाटेल तसा स्वतःला फेकून देतो आणि पायावर उतरत नाही, म्हणजे ती अर्धी शिवीच. त्यामुळे कोणी तुम्हाला हकर म्हणालं तर आधी बघा तो कुठल्या खेळातला आहे, मग ठरवा थँक्यू म्हणायचं का नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी एक सूचना, हक आणि चक यात गल्लत करू नका. चकिंग हा आरोप आहे, बॉलिंग करताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर आयसीसीच्या नियमाने ती अॅक्शन बेकायदेशीर. हक हा आरोप नाही, नियम पण नाही, कुठल्याच रूलबुकात हा शब्द शोधायला जाऊ नका.

अल्टिमेटमधला हक

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी सुरू केलेला खेळ, एका बाजूला ७ जण, मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे एंडझोन आणि मधे उरतात ६४ मीटर. डिस्क १७५ ग्रॅमची. हातात डिस्क असताना पळता येत नाही, एक पाय जमिनीला रोवून फक्त दुसरा फिरवता येतो, समोर अडवायला उभा असलेला मार्कर १० सेकंद मोजतो तेवढ्यात फेकायची, आणि डिस्क खाली पडली किंवा बाहेर गेली की ती समोरच्या टीमची. समोरच्या एंडझोनमधे आपल्या माणसाने झेलली की पॉइंट.

आता हे आकडे एकत्र ठेवून बघा म्हणजे हकचं महत्त्व कळेल. छोटे छोटे पास देत ६४ मीटर जायचं म्हणजे आठ दहा थ्रो, प्रत्येकात चुकायचा चान्स. हक म्हणजे एकाच थ्रोत अर्धं मैदान किंवा त्याहून जास्त, साधारण ३५-४० मीटरच्या पुढे गेलं की लोक हक म्हणायला लागतात, पक्की रेघ कुठेच नाही. पॉइंट सुरू होताना जी लांबच लांब डिस्क फेकतात ती मात्र पुल, हक नाही, कारण तिथे आपलं कोणी झेलायला नसतंच, समोर मार्कर नसतो आणि पळत येऊन फेकता येतं. नवीन लोक पुल भारी मारतात आणि त्यांना वाटतं आपल्याला हक येतो. तसं नसतं.

बॅकहँडने सुरुवात करा. उजव्या हाताने फेकणारा असाल तर डावा पाय पिव्हट, म्हणजे रोवलेला, उजवा पाय पुढे आडवा टाकायचा. ग्रिप पॉवरवाली, म्हणजे चारही बोटं रिमच्या, म्हणजे डिस्कच्या कडेच्या, आत घट्ट वळवलेली आणि अंगठा वर दाबलेला, एक बोट कडेवर लांब ठेवायची जी सवय गंमतीत खेळताना लागते ती इथे सोडायची कारण त्याने ताकद अर्धी जाते. डिस्क मागे न्यायची, पाठ थोडी समोरच्याकडे झाली पाहिजे इतकी, आणि मग पुढे आणताना आधी पाय, मग कंबर, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट, असं एकामागोमाग एक. डिस्क छातीच्या जवळून सरळ रेषेत यायला हवी. हात गोल फिरवून आणली की कुठे सुटेल याचा नेम नाही, आणि सुटायची वेळ जराशी इकडे तिकडे झाली तर लांबवर काही मीटरचा फरक पडतो. सोडल्यावर हात थांबवायचा नाही, पुढे जाऊ द्यायचा.

बहुतेक जण विचारतात की जोर कमी पडतोय का. जोर नाही, स्पिन कमी पडतोय. डिस्क गोल फिरते म्हणून हवेत स्थिर राहते, स्पिन कमी असेल आणि वेग जास्त असेल तर ती डगमगते आणि मधेच उलटी होऊन खाली येते. स्पिन मनगटाच्या झटक्यातून येतो, आणि दंड घट्ट आवळलेला असेल तर मनगट सैल राहतच नाही. म्हणून प्रॅक्टिस करताना ताकदीच्या सत्तर टक्क्यांनी फेका आणि किती डिस्क सपाट जातात ते बघा, आधी सपाटपणा मग अंतर. पूर्ण ताकद लावून पंचवीस डिस्क फेकणारा माणूस दुसऱ्या दिवशी फक्त खांदा शेकत बसतो.

दुसरी गोष्ट नाक. डिस्कची जी कड पुढे असते तिला नोज म्हणतात, ती वर उचललेली असेल तर डिस्क सुरुवातीला छान वर चढते, फेकणाऱ्याला वाटतं वा काय गेली, आणि मग वेग संपून एका जागी लटकते, तोपर्यंत तीन डिफेंडर खाली येऊन उभे. लोक वर बघून फेकतात त्यामुळे हे होतं. नोज वर ठेवून उंची मिळवायची नाही, उंची हवी असेल तर थ्रोचा अख्खा रोख थोडा वर ठेवायचा आणि डिस्कचं तोंड त्याच रोखात. अंगठ्याने वरून दाब ठेवला की नोज आपोआप खाली राहतो.

तिसरी गोष्ट कड. शरीरापासून लांबची कड किंचित खाली झुकवून सोडा. जोरात गेलेली डिस्क सुरुवातीला उलट्या बाजूला कलायला बघते, झुकवून सोडली की ती कलताना सपाट होते, बराच वेळ सरळ जाते आणि शेवटी वेग कमी झाला की पुन्हा वळते. उजव्या हाताचा बॅकहँड वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो आणि शेवटी डावीकडे वळतो, फोरहँड उलटा फिरतो आणि उजवीकडे वळतो. हे एकदा डोक्यात बसलं की पळणारा माणूस कुठल्या बाजूला आहे त्यानुसार कुठे सोडायची ते कळायला लागतं.

फोरहँड म्हणजे फ्लिक, तो शिकायला वेळ लागतो हे आधीच मान्य करा. पहिली दोन बोटं रिमला आतून घट्ट चिकटवून, तळवा आकाशाकडे, कोपर अंगाच्या जवळ, आणि सोडायची खालून, कमरेच्या आसपास. यात जो तो दंडाने ढकलतो आणि मग तळवा शेवटी पालथा पडतो आणि डिस्क सरळ उभी होऊन पन्नास फुटांवर रुतते. इलाज असा, सोडल्यानंतर तळवा अजून वरच आहे का ते बघायचं, बस. प्रत्येक थ्रोनंतर हात तिथेच फ्रीज करून बघा, वेडगळ दिसतं पण चालतं. आणि फ्लिकने हक येईपर्यंत तुम्ही अर्धेच हकर आहात कारण समोरचा मार्कर बॅकहँडच्या बाजूला उभा राहिला की संपलं तुमचं.

पण खरं सांगू का, मॅचमधे हक फसतो तो बऱ्याचदा हातामुळे फसतच नाही, वेळेमुळे फसतो. आपला माणूस डीप, म्हणजे समोरच्या एंडझोनकडे, पळतोय, डिफेंडर मागे पडलाय, फेकणारा बघतो, विचार करतो, अजून थोडा मोकळा झाला की टाकू म्हणतो, आणि टाकतो तेव्हा तो माणूस पार एंडझोनच्या मागच्या रेषेशी पोचलेला. तो उघडा झाला हे डोळ्याला दिसायच्या थोडं आधी डिस्क सुटली पाहिजे, म्हणजे तो डिफेंडरच्या बरोबरीला येऊन वेग वाढवतोय त्याच क्षणी. माणसाकडे फेकायचं नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत फेकायचं, त्याने पळत जाऊन डिस्क गाठली पाहिजे, थांबून वाट बघायला लागली की मागचा पोचलाच समजा. आणि बाजू निवडायची ती अशी की झेलणाऱ्याचं अंग डिफेंडर आणि डिस्कच्या मधे येईल.

सगळ्यात भारी हक मिळतात ते डिस्क पळता पळता झेलल्यावर लगेच. समोरच्या गोलकडे तोंड असतं, अंगात आधीच वेग असतो आणि मार्कर अजून पोचलेला नसतो. एका जागी उभं राहून, मार्करचे हात तोंडासमोर, मोजणी सातवर आणि मग हक, हा सगळ्यात अवघड प्रकार, पण नवीन लोक नेमका तोच मारतात कारण घाबरल्यावर लांब फेकावंसं वाटतं. आता यात एक गंमत आहे, मोजणी नऊवर आलीये, तुम्ही स्वतःच्या एंडझोनजवळ अडकलाय आणि जवळ कोणीच मोकळं नाही, तर लांब फेकून देणं हा मूर्खपणा नाही. डिस्क जाणारच आहे, तर समोरच्याला ६० मीटर चालवत आणू दे, दारात देण्यापेक्षा बरं. पण हे नाइलाजाने, प्लॅन म्हणून नाही.

डिस्क सुटली की समोरची टीम "अप!" म्हणून ओरडते, म्हणजे डिस्क हवेत आहे, मागे बघा. ते ऐकून झेलणाऱ्याने पण वर बघावं, पण पळणं थांबवू नये, हे त्यालाही सांगून ठेवा, हक दोघांचा असतो.

वाऱ्यात काय करायचं

इथे बरेच जण उलटं समजतात. अंगावर येणारा वारा म्हणजे डिस्क पडेल असं वाटतं ना, पण होतं उलटं, समोरच्या वाऱ्यात डिस्कवरून हवा जास्त वेगाने जाते, लिफ्ट म्हणजे वर उचलणारा जोर वाढतो, ती वर उचलली जाते आणि नोज जरा जरी वर असेल तर सरळ आभाळात जाऊन तुमच्याकडेच परत यायला निघते. म्हणून समोरचा वारा असेल तर खालून, नोज खाली, जास्त स्पिन, आणि शक्यतो हकच टाळा. पाठीमागून वारा असेल तर उलट, लिफ्ट कमी मिळते आणि डिस्क लवकर खाली बसते, तर थोडी उंच सोडा, वारा तिला पुढे घेऊन जाईल. अंतर जास्त मिळतं म्हणून अंदाज पण बदलायचा, नाहीतर झेलणारा पळून पळून दमेल आणि डिस्क मागच्या रेषेच्या बाहेर.

आडवा वारा सगळ्यात त्रासदायक. डिस्कचं पोट वाऱ्याकडे उघडं पडलं की वारा ती उचलून बाजूला नेतो, आणि वरची बाजू वाऱ्याकडे झुकली तर खाली दाबून टाकतो. दोन्हीपैकी दुसरं निदान जवळ तरी पडतं. मॅचच्या आधी दोन्ही दिशांना तीन-चार मोठे थ्रो टाकून बघायचेच, तिथले दोन थ्रो वॉर्मअपच्या दहा चकरांपेक्षा जास्त शिकवतात.

वारा किती फरक पाडतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे डिस्क फेकीचा रेकॉर्ड, डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेकली होती, पाठीशी जोरदार वारा होता. आणि ती गोल्फ डिस्क, बारीक धारदार कडेची, अल्टिमेटच्या १७५ ग्रॅमवालीशी तिची तुलना करून स्वतःला त्रास करून घेऊ नका.

सायकलवरचा हक

इथे हक म्हणजे ड्रॉपवरून (सरळ तुटलेल्या कडेवरून) किंवा जंपवरून सायकलसकट जाणं, आणि त्यात परत ती छटा, की फार नजाकत नाही, हँडल ओढलं आणि गेला. "हक टू फ्लॅट" हा शब्द तर हमखास ऐकाल, म्हणजे खाली उताराचं लँडिंग नाही, सरळ सपाट जमिनीवर आपटलं. अमेरिकेत यूटातल्या व्हर्जिन गावाजवळ २००१ पासून रेड बुल रॅम्पेज नावाची माउंटन बायकिंगची स्पर्धा होते, तिथे हे सगळं कळसाला गेलेलं दिसतं. कॅम झिंकने २०१३ मधे तिथे ७८ फुटांच्या स्टेप-डाउनवर (उडी घेतो त्याहून खाली उतरायची जंप) बॅकफ्लिप मारली. आजकाल त्या लोकांच्या तोंडी हकपेक्षा "सेंड" जास्त असतो, अर्थ जवळपास तोच, फक्त सेंडमधे कौतुक जास्त आणि हकमधे थोडी मस्करी.

सपाट जमीन वाईट का, ते गणितात बघू, सोपं आहे. एक मीटर उंचीवरून पडलात तर खाली पोचताना वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर, दोन मीटरवरून ६.३. हा वेग शून्य करायला किती जागा मिळते त्यावर मार ठरतो. सस्पेन्शन आणि गुडघे कोपरं मिळून २५ सेंटीमीटर दबले तर एक मीटरच्या ड्रॉपला सरासरी जोर वजनाच्या पाचपट येतो. पाय ताठ ठेवले आणि फक्त १० सेंटीमीटर मिळाले तर अकरापट. उंची तीच, सायकल तीच, फक्त गुडघे. उताराचं लँडिंग असेल तर पडण्याचा बराचसा वेग उतारावरून पुढे निघून जातो, जमिनीत घुसणारा भाग थोडाच राहतो, म्हणून मोठमोठ्या जंपा मारणारे चालत उठतात आणि फुटपाथवरून टेचात उडी मारणाऱ्याचं मनगट मुरगळतं.

करायचं असेल तर फुटपाथच्या कडेएवढ्या उंचीपासून करा, १५-२० सेंटीमीटर, हसू नका. आधी सायकलवरून उतरून चालत जाऊन बघायचं, येण्याचा रस्ता, कड, पडायची जागा आणि त्यानंतर थांबायला किती जागा आहे. शेवटचं सगळे विसरतात. मग पेडल दोन्ही एका पातळीत, टाच थोडी खाली, कोपरं बाहेर वाकलेली, नजर कडेवर नाही तर जिथे उतरायचंय तिथे. पुरेसा वेग हवा, हळू गेलात तर पुढचं चाक कडेवरून आधी पडतं आणि मागचं अजून वरच असतं, आणि मग तुम्ही हँडलवरून पुढे. कडेवर आल्यावर हँडल जोरात वर ओढायचं नाही, सायकल पुढे ढकलायची, हात लांब होतील, ढुंगण थोडं मागे, आणि चाकं लँडिंगच्या उताराला समांतर. सपाटावर असेल तर दोन्ही चाकं एकदम किंवा मागचं किंचित आधी. जमिनीला टेकेपर्यंत पुढच्या ब्रेकवर बोट दाबलेलं नको, हे अगदी पक्कं.

एक उंची कंटाळा येईपर्यंत जमली की मगच पुढची. फुल फेस हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड यावर वाद घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आणि टायरमधे हवा कमी ठेवून हक करायला गेलात तर रिम थेट दगडावर आपटेल, मग रिमचा खर्च वेगळा.

बर्फ

स्कीवर क्लिफ हक करणं म्हणजे कड्यावरून उडी. जॅमी पिएरने २००६ च्या जानेवारीत वायोमिंगमधल्या ग्रँड टार्गीला २५५ फुटांचा कडा हक केला, डोक्यावर उतरला, खोल बर्फात गाडला गेला आणि मित्रांनी उकरून काढला. त्यानंतरचा जो १०७ मीटरचा आकडा सगळीकडे सांगतात तो फ्रेड सिवर्सनचा, २००८, नॉर्वे, पण तो रेकॉर्ड करायला गेलाच नव्हता, उतरताना त्याची लाइन चुकली आणि समोर कडाच आला. म्हणजे रेकॉर्डच्या यादीतली ही उडी ठरवून मारलेलीच नाही, आणि लोक तिच्याशी स्पर्धा करायच्या गोष्टी करतात.

फ्रीराइडच्या (आखलेल्या ट्रॅकशिवाय डोंगर उतरायच्या) स्पर्धेत नुसत्या उंचीला मार्क नाहीत, लाइन म्हणजे निवडलेली वाट, कंट्रोल, सलगपणा, हवेतला भाग आणि टेक्निक असं सगळं बघतात, कड्यावरून पडून पाठीवर उतरलात तर कंट्रोलचे मार्क गेले. तिथे तुम्हाला हकर म्हटलं तर ते कौतुक नसतं. करायचं असेल तर दोन मीटरची उडी, खाली उतार, खोल ताजा बर्फ, आणि बर्फाखाली दगड नाहीत हे आधी खालून जाऊन काठीने तपासलेलं. उडताना हात पुढे, पाय पोटाजवळ, मागे झुकायचं नाही. मागे झुकलं की स्की पुढे निघून जातात आणि तुम्ही बर्फात बसता. उतारावर हिमस्खलनाचा धोका किती आहे याची त्या दिवसाची माहिती न बघता वर जाणं म्हणजे हक कड्याच्या आधीच सुरू झाला.

पाणी

कयाकमधे हक म्हणजे धबधब्यावरून बोटीसकट खाली. टायलर ब्रॅटने २००९ मधे वॉशिंग्टन राज्यातल्या पलूस फॉल्सवरून मारला तो सुमारे ५७ मीटरचा. त्याच वर्षी ब्राझीलमधे पेद्रो ऑलिव्हाने साल्टो बेलोवरून ३८ मीटरच्या पुढे.

याची कृती मी देणार नाही, लिहून शिकायची गोष्ट नाही ती, शिकवणारा पाण्यात शेजारी लागतो. फक्त शब्द कळावे म्हणून एवढंच सांगतो की "बूफ" नावाची वेगळी गोष्ट आहे आणि हकमधे ती मिसळू नका. बूफ म्हणजे कडेवर शेवटचा जोरदार स्ट्रोक मारून बोटीचं नाक वर उचलायचं, म्हणजे बोट सपाट पडते आणि खालच्या भोवऱ्याच्या पुढे जाते. छोट्या धबधब्याला हे बरोबर. पण उंची वाढली आणि खालचं पाणी फेसाळ नसून हिरवं, घट्ट असेल, तर सपाट पडणं म्हणजे पाठीच्या मणक्यांवर सगळा मार, म्हणून मोठ्या उंचीवर बोट नाकावर ठेवून अंग पुढे दुमडून घेतात, पॅडल बाजूला. म्हणजे कोणी व्हिडिओखाली "ही शुड हॅव बूफ्ड" लिहिलं तर आधी उंची किती आणि पाणी पांढरं का हिरवं ते बघा, बऱ्याचदा लिहिणारा सोफ्यावर असतो.

उरलेली दोन-तीन रूपं

हकफेस्ट म्हणजे सगळेच फेकतायत किंवा सगळेच उड्या मारतायत असा कार्यक्रम. अल्टिमेटमधे दोन्ही टीम छोटे पास सोडून नुसते लांब फेकत सुटल्या की पण म्हणतात, आणि तिथे तो टोमणा असतो. हक अँड होप म्हणजे फेका आणि आशा धरा, बघून फेकलेलं नाही. डीप हक हा अल्टिमेटमधला, पाण्यातला नाही, तिथे डीप म्हणजे समोरचा एंडझोन. आणि टीमला जॉइन झाल्यावर पहिल्याच दिवशी कोणी मागून "हक इट" ओरडलं तर लगेच फेकू नका, आधी बघा ओरडणारा तुमच्या टीमचा आहे का, समोरचे पण ओरडतात मुद्दाम.